मिग-२१ निवृत्त झाले. आता ते घरच्या टेबलावर कसे उतरवायचे? जाणून घ्या मॉडेलची जोडणी आणि रंगकाम

सेनगाव (जि. हिंगोली) : भारतीय हवाई दलात १९६३ साली दाखल झालेले मिग-२१ हे लढाऊ विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे निवृत्त झाले. महाराष्ट्राचे या विमानाशी जवळचे नाते आहे. नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या कारखान्यात ही विमाने तयार होत असत. आता त्याची हुबेहूब प्रतिकृती प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून घरीच जोडता येते. सेनगावसारख्या तालुक्याच्या गावात किट बहुधा ऑनलाइनच मागवावे लागते आणि एखादा भाग खराब झाला तर तेवढाच बदलून मिळणे कठीण. म्हणूनच कटर हातात घेण्याआधी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

१/७२ म्हणजे नेमके काय?

किटच्या खोक्यावर १/७२ किंवा १/४८ असे प्रमाण लिहिलेले असते. १/७२ म्हणजे मूळ विमानाच्या ७२ पट लहान. या मापात ६ फूट उंचीचा वैमानिक बरोबर १ इंचाचा होतो. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार सुमारे ७.१५ मीटर आहे. म्हणजे १/७२ मध्ये तो जेमतेम १० सेंटिमीटर, तर १/४८ मध्ये १५ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. चेक प्रजासत्ताकातील एडुआर्ड कंपनी या दोन्ही मापांत मिग-२१ चे किट बनवते. खरेदीआधी विमानाचा प्रकार नक्की तपासावा. ‘बायसन’ हा ‘मिग-२१ बिस’चा सुधारित अवतार असला, तरी त्याची पुढची काच वेगळी, एकसंध आहे.

फेविक्विक चालेल का?

किटचे प्लॅस्टिक पॉलिस्टायरिनचे असते. थर्माकोलही त्याच पदार्थाचा. पेट्रोल पडले की थर्माकोल विरघळतो, हे अनेकांनी पाहिलेले असेल. मॉडेलचे खास सिमेंट याच तत्त्वावर काम करते. ते दोन्ही कडा किंचित विरघळवते आणि द्रव उडून गेला की भाग एकजीव होतात. फेविक्विक धातूच्या किंवा वेगळ्या भागांसाठी ठीक. पण त्याच्या वाफेने पारदर्शक काचेवर पांढरा थर बसतो. कॉकपिटची काच चिकटवायला साधे फेविकॉल उत्तम. ते सुकल्यावर जवळजवळ पारदर्शक होते आणि सांडलेले ओल्या बोळ्याने पुसता येते.

रंगाआधीच निम्मे काम

रंग चुका झाकत नाही, उघड्या पाडतो. सांधे पुट्टीने भरून हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या वॉटरपेपरने घासावेत. आधी ४००, मग ८०० आणि शेवटी १००० नंबरचा कागद वापरावा. मग मॉडेल साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावे. साच्याचे तेल राहिले तर रंग धरत नाही. त्यावर करड्या प्राइमरचा पातळ हात दिला की राहिलेली फट लगेच दिसते. सुरुवातीची अनेक मिग-२१ विमाने धातूच्या चंदेरी रूपात होती. चंदेरी रंगात बारीक ओरखडाही चमकतो, म्हणून नवशिक्यांसाठी करड्या रंगाचे बायसन सोपे.

उन्हाळ्यात रंग खरबरीत का होतो?

मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की एअरब्रशमधून उडालेला अ‍ॅक्रिलिक रंग पृष्ठभागावर पोचण्याआधीच सुकतो आणि वाळूसारखा खरबरीत बसतो. उपाय सोपा : काम पहाटे करावे, रंग दुधाइतका पातळ ठेवावा, त्यात थोडे रिटार्डर घालावे. पावसाळ्यात उलटे होते. हवेतल्या दमटपणामुळे लॅकर पांढुरके पडते. ब्रशने रंगवायचे असेल तर एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर द्यावेत.

सर्वात मोठा धोका थिनरचा. फर्निचरसाठीचा तीव्र एनसी थिनर उघड्या प्लॅस्टिकवर पडला तर ते वितळते, त्यावर जाळी पडते. तो ज्वलनशीलही असतो. खिडकी उघडी, तोंडाला वाफेसाठीचा मास्क आणि गॅसच्या शेगडीपासून लांब, हे नियम पाळावेत. लहान मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीशिवाय थिनर हाताळू नये.

चक्र कसे बसवायचे?

मधे हिरवे, मग पांढरे आणि बाहेर केशरी, असे हवाई दलाचे चक्र डेकलच्या रूपात येते. खरबरीत रंगावर ते लावले तर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. म्हणून आधी चकचकीत वार्निश द्यावे. डेकल अर्धा मिनिट कोमट पाण्यात ठेवून सरकवत जागेवर बसवावे आणि कापडाने टिपावे. पूर्ण वाळल्यावर मॅट वार्निशचा शेवटचा हात दिला की चक्र रंगवल्यासारखे दिसते.

घाई न करता रोज तासभर काम केले, तर पहिल्या मॉडेलला दोन-तीन आठवडे सहज लागतात. त्यातला बराचसा वेळ रंग वाळण्यात जातो. तेवढी वाट पाहण्याची तयारी असेल, तरच किट मागवावे.