तिसरा वाढदिवस, घरच्या घरी



आजचा विषय ऐकायला हलकाफुलका वाटेल, पण त्यावरून घराघरांत चांगलीच वादावादी होते. विषय आहे लहान मुलाचा वाढदिवस. कुणाला बोलवायचं, खायला काय करायचं, सजावट किती करायची. भोपाळला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा मागच्या आठवड्यात फोन आला. म्हणाली, "अगं, लेक तीन वर्षांची होतेय. दोन खोल्यांचं घर आहे, पाच हजारांत बसवायचंय, आणि सासूबाई म्हणतात हॉलच घ्या. तू तर यातून गेली आहेस, तू सांग." तिला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते. पण त्याआधी माझी चूक सांगायला हवी.

आम्ही बंगळुरात राहतो. मुलाचा पहिला वाढदिवस आम्ही हॉल घेऊन केला. शंभरावर माणसं, दारात फुग्यांची कमान, मोठ्या आवाजात गाणी, तीन मजली केक. सातला सुरू होणार होतं, केक कापेपर्यंत साडेआठ वाजले. त्याची झोपायची वेळ आठची. आधी तो रडरड रडला, मग माझ्या खांद्यावर झोपून गेला. झोपेतच त्याचा हात धरून आम्ही केक कापला. सगळ्या फोटोंत त्याची पाठ दिसते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. टाळ्यांनी तो जागा झाला, मी त्याला सतरंजीवर ठेवलं आणि आहेराच्या पिशव्या बघायला वळले. तो रांगत कमानीखाली गेला. तिथे फुटलेल्या फुग्यांचे तुकडे पडले होते, त्यातला एक त्याने तोंडात घातला. माझ्या नणंदेचं लक्ष गेलं. तुकडा अजून ओठाबाहेर दिसत होता, तो तिने चटकन ओढून काढला. दोन-तीन सेकंदांचा खेळ. त्या रात्री मला झोप लागली नाही. शंभर माणसं आली होती, पण त्याच्यावर लक्ष ठेवायला आम्ही एकालाही सांगितलेलं नव्हतं. ज्याचा वाढदिवस, तोच राहून गेला होता.

म्हणून तिसऱ्या वाढदिवसाला आम्ही तीन मापं धरली: मुलाचं घड्याळ, मुलाचा घास आणि मुलाची उंची. ही तीन जमली की बाकीचं सगळं सोपं होतं.

आधी घड्याळ. तीन वर्षांचं मूल दुपारी झोपत असेल, तर झोप झाल्यावर तासाभराने ते सगळ्यात खुशीत असतं. आमचा चार वाजता उठतो. म्हणून आम्ही पाच ते सात अशी वेळ ठेवली, आणि निरोपात "सातपर्यंत" हेही लिहिलं. संपायची वेळ लिहायला आपल्याला संकोच वाटतो, पण लहान मुलं असलेल्या घरांना त्याचं बरंच वाटतं. केक साडेपाचला कापला. शेवटी ठेवला की मुलं दमतात, चिडतात, आणि केकवरच रडारड होते.

आणि औक्षण? सासूबाईंचा मुख्य आग्रह त्याचाच होता. ते आम्ही वाढदिवसाच्या दिवशी सकाळी घरातल्या घरात केलं. पाट, निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. कुणाची घाई नाही, फोटोवाला नाही. त्यांनी सावकाश ओवाळलं, आणि नातू शांत बसला. मित्रमंडळींना मग रविवारी बोलावलं. दोन गोष्टी वेगळ्या केल्या आणि हॉलचा विषय आपोआप मिटला.

किती मुलं बोलवायची? वयात एक मिळवावं आणि तेवढीच मुलं बोलवावीत, असा एक ढोबळ हिशेब सांगतात. तीन वर्षांच्या मुलाला चार पाहुणे. आपल्या इमारतींमध्ये ते जमत नाही, एकाला बोलावलं की दुसरा दारात उभाच. आमच्याकडे नऊ मुलं आणि अठरा मोठी माणसं झाली. मात्र प्रत्येक मुलाबरोबर घरचं एक माणूस थांबेल, हे आधीच सांगून ठेवलं.

आता घास, म्हणजे खाणं. तीन वर्षांचं मूल गर्दीत नवीन पदार्थ खात नाही. ओळखीचं, मऊ, हातात धरता येईल असंच त्याला लागतं. मुलांसाठी आम्ही चारच पदार्थ ठेवले: लहान साच्यातल्या इडल्या, केळं घातलेला शिरा, पपईच्या फोडी आणि केकचा छोटा तुकडा. मोठ्यांसाठी पावभाजी. एवढंच.

प्रमाण लिहून घ्या. मोठ्या वाटीने 3 वाट्या इडली रवा आणि 1 वाटी उडीद डाळ घेतली, तर लहान साच्यात शंभराच्या आसपास इडल्या होतात. एक मूल चार-पाच खातं, उरलेल्या मोठे संपवतात. 2 वाट्या रव्याचा शिरा तीस जणांना दोन-दोन चमचे येतो. भाजीला दीड किलो बटाटे, 1 किलो फ्लॉवर, 1 किलो टोमॅटो, अर्धा किलो मटार, अर्धा किलो कांदे आणि पाव किलो ढोबळी मिरची घेतली, आणि पाच डझन पाव. अठरा माणसांना पुरून थोडी भाजी उरली. बाकी खाणं असल्यामुळे 1 किलोचा केक सगळ्यांना लहान लहान तुकड्यांत पुरला.

इडलीचं पीठ आदल्या दिवशी वाटावं लागतं, आणि ते तुम्ही कुठे राहता यावर आहे. नागपूरला मे महिन्यात रात्रभर ठेवलं तर सकाळी आंबट होऊन बसेल. दिल्लीला जानेवारीत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हलणारही नाही. तिथे सरळ रवा आणि दह्याची झटपट इडली करा, किंवा ढोकळा करून लहान चौकोनी वड्या पाडा. भाजी सकाळी करून ठेवायची तर गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि पाहुणे आल्यावर चांगली उकळा. शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका, कडक उन्हाळ्यात तर तासाभराहून जास्त नको.

शिऱ्याची एक गंमत सांगते. शेजारच्या कन्नड आंटींनी वाटीत बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, हा तर आमचा केसरीभात!" वरच्या मजल्यावरच्या बंगाली कुटुंबाने तांदळाची खीर, म्हणजे त्यांचं पायेश, करून आणलं. त्यांच्याकडे वाढदिवसाला ते लागतंच. आपल्या गावापासून लांब राहणाऱ्यांना सांगते, पाहुणे काय खातील याची फार काळजी करू नका. साधा, गोड, मऊ पदार्थ सगळीकडे ओळखीचा निघतो.

आता काय ठेवायचं नाही, ते नीट ऐका. अख्खे शेंगदाणे, अख्खे काजू-बदाम, पॉपकॉर्न, कडक गोळ्या, जेलीचे छोटे कप, अख्खी द्राक्षं. हे सगळं लहान मुलाच्या घशात अडकू शकतं. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे आणि पॉपकॉर्न नकोच. द्राक्षं द्यायचीच असतील तर उभी चिरून चार तुकडे करा. शिऱ्यात काजू घालायचे तर पूड करून घाला. एक वर्षाच्या आतलं बाळ येणार असेल तर त्याला मध अजिबात चाटवू नका. शेंगदाणा, दूध किंवा अंडं कुणाला चालत नाही का, हे आईबाबांना आधीच विचारून घ्या. आणि मुलांनी खाताना बसून खायचं. तोंडात घास आणि पायात धावपळ, हे एकत्र नको.

तिसरं माप उंची. सजावट आपण आपल्या डोळ्यांच्या पातळीवर करतो, छतापाशी. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण तीन फूट असते. आदल्या दिवशी खोलीत खाली बसा आणि चौफेर बघा. तुम्हाला जे दिसतं तेच मुलाला दिसणार. आम्ही बसलो तेव्हा दिसलं टेबलाचे पाय, सोफ्याखालची धूळ आणि विजेच्या तारा. मग धूळ झाडली, तारा बांधल्या आणि सजावट खाली आणली.

पताका घरीच केल्या. एका ए-फोर रंगीत कागदाचे चार सारखे तुकडे करायचे आणि प्रत्येकाचा त्रिकोण कापायचा. दोन पताकांमध्ये चार बोटं जागा सोडली, तर पाच मीटर सुतळीला साधारण 32 पताका लागतात, म्हणजे 8 कागद. खळीने चिकटवायच्या, टाचण्या लावायच्या नाहीत. केकच्या मागे माझी जुनी पिवळी इरकल साडी लावली. दाराला आंब्याची पानं आणि झेंडू. एका दोरीला कपड्यांचे चिमटे लावून त्याचे तीन वर्षांचे फोटो टांगले, त्याच्या डोळ्यांसमोर येतील असे. मुलं सगळ्यात जास्त वेळ तिथेच उभी होती. आणि फरशीवर खडूने रस्ता काढला, वळणं, पूल, पेट्रोल पंप. गाड्या घेऊन नऊ मुलं अर्धा तास त्या रस्त्यावर होती.

थर्माकोलचा आकडा आणि नाव आणायचा बेत असेल तर थांबा. 1 जुलै 2022 पासून देशभरात सजावटीचं थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकच्या ताटल्या, ग्लास, चमचे आणि स्ट्रॉ यांवर बंदी आहे. आम्ही घरचे स्टीलचे पेले आणि सुपारीच्या पानांच्या ताटल्या वापरल्या, त्या कर्नाटकात सहज मिळतात. भोपाळच्या मैत्रिणीला म्हटलं, तुमच्याकडे दोने-पत्तल कोपऱ्यावरच्या दुकानात आहेत, तेच घे.

फुगे आम्ही आणलेच नाहीत. तुम्हाला हवे असतील तर उंच बांधा, न फुगवलेले मुलांच्या हाती देऊ नका, आणि एखादा फुटला की तुकडे लगेच उचला. तो रबर घशात बसला तर श्वास पूर्ण बंद होऊ शकतो. लुकलुकणारे फुगे आणि अंगठ्या यांत बटणासारखे सेल असतात. ते गिळले गेले तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. तशी शंका जरी आली तरी घरी वाट बघू नका, थेट रुग्णालयात न्या. आणि केकवर पेटती मेणबत्ती असताना फेसाचा फवारा कुणालाही मारू देऊ नका, तो पेट घेतो. ही मौज आपल्या घरी नकोच.

खर्चही सांगते. केक 900, पावभाजीचं सामान 1400, इडली-शिरा-फळं 700, कागद-सुतळी-झेंडू-ताटल्या 350, आणि नऊ मुलांना प्रत्येकी 60 रुपयांचं चित्रांचं पुस्तक, म्हणजे 540. एकूण 3890 रुपये.

राहिली ती पहिल्या वाढदिवशी राहून गेलेली गोष्ट. या वेळी आम्ही पाळी लावली. अर्धा अर्धा तास एका मोठ्या माणसाने फक्त मुलांकडे बघायचं. हातात फोन नाही, ताटली नाही, गप्पा नाहीत. पहिली पाळी नणंदेने स्वतःहून घेतली. घास अडकला तर काय करायचं, तेही सगळ्यांना सांगून ठेवलं. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, तोंडात आंधळेपणाने बोटं घालू नका. आवाज फुटत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर एकाने लगेच 112 ला फोन करायचा आणि दुसऱ्याने मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा मारायच्या. त्यापुढचं मात्र ऐकून येत नाही, करून बघावं लागतं. तुमच्या डॉक्टरांना विचारून एकदा शिकून घ्या.

त्या रविवारी पावणेसातला पाहुणे निघायला लागले. एका मुलाने दाराशी भोकाड पसरलं, त्याला खडूचा रस्ता सोडून जायचं नव्हतं. साडेसातला आमचा मुलगा दोन घास दहीभात खाऊन झोपला. सासूबाई पताका उतरवून सुतळी गुंडाळत होत्या. मी म्हटलं, "आई, राहू द्या, सकाळी मी टाकून देते." त्या म्हणाल्या, "टाकतेस कशाला? पुढच्या वर्षी लागतील की."

पताका माळ्यावर आहेत. भोपाळच्या पार्टीला अजून दोन आठवडे आहेत, आणि तिच्या सासूबाई सकाळच्या औक्षणाला तयार झाल्या आहेत.