दहा सेंटिमीटरचा फडका

अण्वस्त्रांवरील आंतरराष्ट्रीय देखरेखीच्या साधनांत सर्वांत साधे दिसणारे साधन म्हणजे सुती कापडाचा चौकोनी तुकडा. लांबी दहा सेंटिमीटर, रुंदीही तेवढीच. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक हातमोजे चढवून त्याने यंत्रे, भिंती, कोनेकोपरे पुसतात आणि तो एकात एक अशा पिशव्यांत बंद करतात. पुसलेली धूळ व्हिएन्नाजवळच्या झायबर्सडॉर्फ येथील प्रयोगशाळेत जाते.

या धुळीत युरेनियम-२३५ चे प्रमाण शोधले जाते. निसर्गातल्या युरेनियममध्ये ते ०.७ टक्के असते, वीजनिर्मितीच्या बहुतेक अणुभट्ट्यांना तीन ते पाच टक्के पुरते, अस्त्रासाठी ते ९० टक्क्यांच्या आसपास लागते. हे प्रमाण वाढवण्यासाठी, म्हणजे समृद्धीकरणासाठी, युरेनियमचा वायू सेंट्रिफ्यूजमध्ये प्रचंड वेगाने फिरवतात. तो थोडासा तरी बाहेर झिरपतो आणि हवेतल्या बाष्पाशी संयोग होऊन त्याचे सूक्ष्म कण बनतात. असा एकच कणही प्रयोगशाळेला वाचता येतो.

संस्था १९५७ मध्ये स्थापन झाली. अण्वस्त्रप्रसारबंदी करार १९७० मध्ये लागू झाला. भारत या करारात नाही, तरी तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या संस्थेच्या देखरेखीखाली आहेत. पूर्वी निरीक्षक मुख्यतः देशांनी जाहीर केलेलेच साहित्य मोजत. आखाती युद्धानंतर इराकचा गुप्त कार्यक्रम उघड झाला आणि हा हिशेब अपुरा असल्याचे कळले. त्यानंतर धुळीचे नमुने घेण्याची पद्धत रुळली, आणि १९९७ मध्ये अघोषित ठिकाणांपर्यंत पोचण्याचे अधिकार वाढवणारा अतिरिक्त प्रोटोकॉल आला.

या पद्धतीची कसोटी इराणमध्ये लागली. नातांझचा समृद्धीकरण प्रकल्प २००२ मध्ये उघडकीस आला. पुढल्या वर्षी तेहरानमधल्या ‘कलाये इलेक्ट्रिक’ या कार्यशाळेत नमुने घेण्यास आधी नकार मिळाला. ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली तेव्हा वास्तूची डागडुजी झालेली होती. तरीही उच्च समृद्ध युरेनियमचे कण सापडले. ते सेंट्रिफ्यूजच्या परदेशी सुट्या भागांवरून आले, असे इराणने सांगितले. पाकिस्तानातून मिळालेल्या भागांशी ताडून पाहिल्यावर, यांतील बहुतेक कणांबाबत हा खुलासा संस्थेलाही २००५ मध्ये पटला. ज्या फडक्याने संशय उभा केला, त्यानेच तो काही अंशी दूर केला. सेंट्रिफ्यूजचा कार्यक्रम वर्षानुवर्षे दडवल्याचा ठपका मात्र उरला.

संस्थेला स्वतः निर्बंध लादता येत नाहीत. तिचे नियामक मंडळ प्रकरण सुरक्षा परिषदेकडे पाठवते. इराणचे प्रकरण २००६ मध्ये तसे गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून २०१० पर्यंत निर्बंधांचे चार ठराव झाले. अमेरिका आणि युरोपीय संघाने त्यापुढे जाऊन तेल आणि बँकांची कोंडी केली. भारताला २०१२ नंतर इराणी तेलाची काही किंमत युको बँकेतल्या खात्यात रुपयांत भरावी लागली. मे २०१९ मध्ये ही खरेदीच थांबली.

निर्बंध दबाव आणतात, पण हा दबाव आणि तपासणी एकाच दारात अडकतात. इराणशी झालेल्या २०१५ च्या कराराने समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांवर आणि साठा ३०० किलोंवर रोखला. त्याबदल्यात निर्बंध सैल झाले. अमेरिका २०१८ मध्ये करारातून बाहेर पडली आणि तिचे निर्बंध परतले. इराणने २०२१ मध्ये अतिरिक्त प्रोटोकॉलची अंमलबजावणी थांबवली आणि समृद्धीकरण ६० टक्क्यांवर नेले. २०२२ मध्ये त्याने संस्थेचे २७ कॅमेरे काढून टाकले. ज्या सवलतींवर निरीक्षकांचा प्रवेश अवलंबून होता, त्या संपताच प्रवेशही आकसला.

जून २०२५ मधील इस्रायल आणि अमेरिकेच्या हल्ल्यांपूर्वी ६० टक्क्यांचा साठा सुमारे ४४० किलो असल्याचा संस्थेचा अंदाज होता. हल्ल्यांनंतर इराणने सहकार्य स्थगित करणारा कायदा केला. सप्टेंबरअखेरीस संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध पुन्हा लागू झाले, पण त्यांनी साठ्याची मोजदाद होत नाही. त्यासाठी वजनकाटा, सील आणि कॅमेरे लागतात. फडका फक्त तिथे काय हाताळले गेले ते सांगतो. साठा किती, आणि हेतू कोणता, हे त्याच्या कक्षेबाहेर आहे. आणि तेवढे सांगण्यासाठीही निरीक्षकाला आधी आत जाऊ द्यावे लागते.