मैत्रीचे रोप आणि मुळांतली कीड

व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर डोनाल्ड ट्रम्प आणि फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्राँ यांनी एप्रिल २०१८ मध्ये ओकचे रोप लावले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिक जेथे लढले, त्या बेलो वूडच्या रानातले ते रोप. काही दिवसांतच जागा रिकामी दिसली आणि तर्कवितर्कांना ऊत आला. कारण साधे होते. परदेशी रोपाच्या मुळांबरोबर कीड व रोग येऊ शकतात; म्हणून त्याला विलगीकरणात ठेवण्यात आले होते. तेथेच ते मेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले.

भेटीच्या रोपाला कसली तपासणी, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण वॉशिंग्टनने हा धडा शतकापूर्वीच घेतला होता. टोकियो शहराने पाठवलेली दोन हजार चेरीची झाडे जानेवारी १९१० मध्ये तेथे पोहोचली. तपासनिसांना त्यांत कीटक, सूत्रकृमी व रोग आढळले. अध्यक्ष टाफ्ट यांच्या संमतीने ती सारी जाळण्यात आली! राजनैतिकदृष्ट्या प्रसंग अवघडच. जपानकडे खेदपत्रे गेली. टोकियोचे महापौर युकिओ ओझाकी यांनी मात्र राग धरला नाही. निरोगी खुंटांवर कलमे बांधून घेतलेली ३,०२० झाडे १९१२ मध्ये रवाना झाली.

त्यांतील पहिली दोन २७ मार्च १९१२ रोजी हेलन टाफ्ट आणि जपानी राजदूतांच्या पत्नी व्हायकाउंटेस चिंदा यांनी टायडल बेसिनच्या काठी लावली. तेथील बांधाच्या दुरुस्तीसाठी २०२४ मध्ये शंभरांहून अधिक चेरीवृक्ष तोडावे लागले, तेव्हा जपानने नवी २५० झाडे देऊ केली.