बडोदें राज्यांतील सक्तीचें शिक्षण व परराज्यांपासून घेतलेला धडा

मराठी संस्थानांच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे तहनामे, मोहिमांचीं पत्रें व वतनी कागद संग्राहकांच्या डोळ्यांपुढें उभे राहतात. शाळाखात्याचे हजेरीपट, दंडाच्या याद्या व आज्ञापत्रिका यांकडे त्या मानानें लक्ष कमी जातें. वास्तविक एका राज्यानें दुसऱ्या राज्याची रीत पाहून आपल्या शाळा कशा सुधारल्या, हें अशाच कागदांवरून नीट कळतें. बडोद्याचें उदाहरण या दृष्टीनें विशेष बोधप्रद असल्यामुळें त्याचा क्रम येथें मांडला आहे.

श्रीमंत सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा जन्म इ. स. १८६३ मध्यें नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवीं झाला. १८७५ मध्यें ते दत्तक गेले व त्यानंतरच त्यांच्या विद्याभ्यासास खरा आरंभ झाला. १८८१ च्या अखेरीस त्यांस पूर्ण मुखत्यारी मिळाली, आणि १८८७ पासून त्यांचे युरोपांतील प्रवास सुरू झाले. त्या सुमारास इंग्लंडांतील प्रयोग पुरा होत आला होता. १८७० च्या कायद्यानें तेथील स्थानिक शाळामंडळांस आपापल्या हद्दींत सक्ती करण्याचा अधिकार मिळाला, १८८० मध्यें सक्ती सर्वत्र लागू झाली व १८९१ मध्यें बहुतेक शाळांत फी माफ झाली. म्हणजे धनाढ्य इंग्लंडासहि हा मार्ग आक्रमण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

सक्तीचा कायदा करणें म्हणजे केवळ हुकूम सोडणें नव्हे. प्रथम गांवोगांव मुलांची मोजणी करावी लागते; मग तितक्यांस पुरेल अशी शाळा व शिक्षक पुरवावे लागतात; आणि शेवटीं जो पालक मूल पाठवीत नाहीं त्यास जाब विचारावा लागतो. यांपैकीं पहिलीं दोन कामें न करतां तिसरें केलें तर तो नुसता जुलूम होतो. म्हणूनच महाराजांनीं १८९३ मध्यें काठेवाडांतील अमरेली महालांत, मोजक्या दहा गांवांपुरती ही योजना लावून पाहिली. पुढें ती सबंध तालुक्यास लागू केली, व १९०६ मध्यें राज्यभर कायदा झाला. त्यान्वयें मुलांस बाराव्या व मुलींस दहाव्या वर्षापर्यंत शाळेंत ठेवणें पालकांवर बंधनकारक झालें. पहिला प्रयोग व राज्यव्यापी कायदा यांमधील हीं तेरा वर्षें, हाच बडोद्याच्या यशाचा पाया होय.

परंतु परक्या नमुन्यांत प्रत्येक प्रश्नाचें उत्तर नसतें. अंत्यजांकरितां महाराजांनीं राज्यारंभींच निराळ्या शाळा उघडल्या. पण तेथें शिकविण्यास उच्चवर्णीय शिक्षक राजी होत ना. तेव्हां मुसलमान शिक्षक नेमावे लागले, व पुढें १९०८ मध्यें आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांस बोलावून हें काम सोंपविलें. ही अडचण व तिचा तोडगा, दोन्हीं या देशांतलींच.

शाळा सोडल्यावर मूल अक्षरें विसरतें, हा दुसरा प्रश्न. त्याचें उत्तर महाराजांस अमेरिकेंतील सार्वजनिक ग्रंथालयांत सांपडलें. कनेक्टिकट संस्थानांतील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांस १९१० मध्यें बडोद्यास आणिलें. ते १९१३ पर्यंत राहिले. मध्यवर्ती ग्रंथालय, ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग व पुस्तकांच्या फिरत्या पेट्या हें त्यांच्या कारकीर्दींतील काम. मात्र गांवोगांव वाचनालयें काढण्याची चळवळ त्यापूर्वींच मोतीभाई अमीन यांनीं चालविली होती, हें विसरतां येत नाहीं. बाहेरचें बीं रुजलें, तें भुई आधींच नांगरलेली होती म्हणून.

पुढें बडोदें स्वतःच इतरांचा धडा झालें. नामदार गोखले यांनीं १९१० मध्यें ठराव व १९११ मध्यें विधेयक वरिष्ठ कायदेमंडळांत आणिलें, तेव्हां त्यांनीं बडोद्याचा दाखला दिला. त्यांच्या आंकड्यांप्रमाणें १९०९ मध्यें शाळेच्या वयाच्या मुलांपैकीं बडोद्यांत शेंकडा ७९.६ शाळेंत होतीं, ब्रिटिश हिंदुस्थानांत २१.५, मुलींचें प्रमाण अनुक्रमें ४७.६ व ४. विधेयक १९१२ मध्यें १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. तथापि १९१७ मध्यें कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं सक्तीचें व मोफत शिक्षण सुरू केलें, आणि १९१८ मध्यें मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांस तसा अधिकार देणारा कायदा झाला.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. पटावर नांव असणें व मुलानें रोज येऊन चार वर्षें शिकणें, या भिन्न गोष्टी आहेत. वरील टक्केवारी पहिलीबद्दल सांगते, दुसरीबद्दल नाहीं. दंड कोणत्या जातीच्या, कोणत्या धंद्याच्या पालकांवर पडला? पेरणी-कापणीच्या दिवसांत शाळा किती ओस पडे? मुली कितव्या इयत्तेंतून काढल्या जात? याचा निवाडा छापील अहवालांवरून होणार नाहीं. तो गांवच्या दप्तरांवरूनच व्हावयाचा.

बडोदें राज्य १ मे १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा सबंध देशाकरितां २००९ मध्यें झाला. त्याची अंमलबजावणी करणाऱ्यांस अमरेलीचा अनुभव आजहि उपयोगी आहे. यास्तव संग्राहकांस विनंति कीं, जुन्या वाड्यांतील रुमाल सोडतांना सनदा तेवढ्या उचलून शाळेचे फाटके पट रद्दींत घालूं नयेत. ज्या पोरांचीं नांवें त्यांत आहेत, त्यांच्या शिक्षणाची दुसरी नोंद बहुधा कोठेंच नाहीं.