कुलरची मोटर, कॉम्प्युटरचा ताप

मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला तरी आमच्या गावात, खांडबाऱ्यात, त्याची कुणी बातमी करत नाही. खिडकीत कुलर बसतो, गवताच्या पट्ट्यांवरून पाणी ओघळायला लागतं आणि टाकीच्या तळाशी मुठीएवढी एक मोटर गुपचूप फिरत राहते. बंद पडली की मगच तिची आठवण होते. तशीच एक बंद पडलेली मोटर मी टेबलावर उघडून बसलो होतो. घरातला कॉम्प्युटर पाण्याने थंड करायचं खूळ डोक्यात शिरलं होतं आणि सगळं घोडं पंपापाशी अडलं होतं.

खूळ म्हटलं, तरी पुण्याच्या आयसरमधला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही पाण्यानेच थंड ठेवतात. तेवढ्याच जागेतलं पाणी हवेच्या साधारण साडेतीन हजार पट उष्णता उचलतं, मग पंख्याचा घरघराट कशाला? प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवायचा, त्यातून पाणी खेळवायचं, तापलेलं पाणी रेडिएटरमध्ये निववायचं आणि परत ठोकळ्यात आणायचं. एवढंच. फक्त ते फिरवत ठेवणारं कुणीतरी हवं.

तर ती मोटर. पुढचं झाकण काढलं की आतून बोटाएवढं काळं लोहचुंबक निघतं, त्याच्या टोकाला प्लास्टिकची पाती. एवढाच काय तो फिरणारा भाग. तारांचं वेटोळं मागे रेझिनमध्ये कायमचं गाडलेलं असतं. विहिरीवरच्या मोनोब्लॉक पंपाला दांडा असतो, दांड्याला सील लागतं आणि सील झिजलं की पाणी ठिबकतं. इथे मोटरच्या भिंतीतून आरपार जाणारं काहीच नाही. चुंबकाचा जोर भिंतीपलीकडून पोचतो आणि चुंबक पाण्यातच बुडून फिरतं.

पाती मात्र बघण्यासारखी. मोनोब्लॉकच्या इंपेलरची पाती वळलेली असतात, ही अगदी सरळ, सायकलच्या आऱ्यांसारखी. कारण गमतीचं आहे. अशा साध्या सिंगल-फेज मोटरचं चुंबक चालू होताना कुठल्या बाजूला फिरेल याचा नेम नसतो. आज उजवीकडे, उद्या डावीकडे. म्हणून पातीच अशी केली की कसंही फिरलं तरी पाणी बाहेरच फेकलं जावं.

आणि वेग? विजेचे झोत सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतात, तेवढेच फेरे हे चुंबक घेतं. व्होल्टेज थोडं पडलं तरी ठेका तोच. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं वीजजाळं बाकीच्या देशाला जोडलं गेलं. तेव्हापासून सगळ्या देशाची वीज एकाच ठेक्यावर चालते. खांडबाऱ्याच्या खिडकीतलं ते प्लास्टिकचं फिरकं आणि देशभरातल्या औष्णिक केंद्रांतली अजस्र जनित्रं एका तालात फिरत असतात. हे कळलं त्या दिवशी मी कुलरकडे जरा आदराने बघितलं.

आता निवड. खोक्यावर दोन आकडे असतात: ताशी इतके लिटर आणि हेड इतके मीटर. दोन्ही खरे, पण एकाच वेळी कधीच नाहीत. लिटरचा आकडा पुढे काहीही अडथळा नसतानाचा असतो. हेडचा आकडा पाणी जेमतेम तेवढं चढून थांबतं, धार शून्य होते, तेव्हाचा. आपला पंप कायम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी राबतो. ती जागा पाइप, वळणं आणि तांब्याचा ठोकळा मिळून ठरवतात. ठोकळ्याच्या आत केसासारख्या बारीक चिरा असतात आणि खरी धाप तिथेच लागते. प्रवाह दुप्पट करायला गेलं तर अडथळा जवळपास चौपट होतो.

शेतकऱ्याला हेड शिकवावं लागत नाही. ६० फूट खोल विहीर म्हणजे ६० फूट चढण. पण कॉम्प्युटरमध्ये पाणी बंद फेऱ्यात फिरतं आणि तिथे हा अनुभव फसवतो. जितकं पाणी वर चढतं तितकंच दुसऱ्या बाजूने उतरतं आणि उतरणारं चढणाऱ्याला ओढतं, सारंगखेड्याच्या यात्रेतल्या आकाशपाळण्यासारखं. एकदा नळी पूर्ण भरून हवा निघून गेली की उंचीचा हिशेबच मिटतो, उरतं फक्त घर्षण. पहिल्यांदा पाणी भरताना मात्र उंची मोजून घेते.

मग प्रवाह किती हवा? बाटली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या. लिटरची बाटली ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला दीड लिटर झालं. प्रोसेसर १५० वॅट ओकत असला तरी ठोकळ्यातून बाहेर पडताना हे पाणी दीड अंशानेही तापलेलं नसतं! प्रवाह तिप्पट केला तर तो दीडचा अर्धा अंश होईल. त्यापायी राक्षसी पंप आणण्यात शहाणपण नाही, कारण पंपाने खाल्लेली वीजही शेवटी बरीचशी उष्णता होऊन त्याच पाण्यात उतरते. थंड करायला आणलेला पाहुणाच ताप वाढवतो.

शिकण्यापुरती कुलरची १८ वॅटची मोटर छान. कायमची नको. ती २३० व्होल्टची असते, पाण्याशेजारी तेवढी वीज मला तरी टेबलावर नको वाटते. शिवाय कॉम्प्युटरसोबत ती आपोआप चालू होत नाही. लेइंग कंपनीचा डी-५ पंप यासाठीच नाव कमावून आहे: १२ व्होल्ट, हेड चार मीटरच्या आसपास, आणि दांड्याऐवजी रोटर एका सिरॅमिक गोळीवर तोललेला. मात्र गोळी असो की साधी मोटर, पाणी हेच तिचं वंगण. म्हणून पाण्याची टाकी पंपाच्या वर ठेवायची, कोरडा पंप क्षणभरही चालवायचा नाही. आणि भरायचं ते बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी काय करतं ते कुलरच्या पट्ट्यांवरच्या पांढऱ्या खरवडीने दाखवलेलंच आहे.

एवढं करून एक अडचण उरते. रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली ४२ अंशांवर असेल तर पाणी त्याच्या वरच राहणार, मग पंप कुठलाही आणा.

पण त्याच खोलीत कुलर आहे. हवेत २० टक्के आर्द्रता असेल तर बाष्पीभवनाने त्याच्या टाकीतलं पाणी २५ अंशांच्या जवळ जाऊ शकतं. तांब्याच्या नळीचं वेटोळं त्या टाकीत बुडवायचं आणि कॉम्प्युटरचं पाणी त्यातून फिरवायचं. नळीवर दव धरून सर्किट भिजेल ही भीतीही नको, कारण बाष्पीभवनाने पाणी कितीही निवलं तरी दवबिंदूच्या खाली जात नाही. मुंबईच्या दमट हवेत या टाकीचा फारसा उपयोग नाही. इथे मात्र कोरडा उन्हाळाच कामाला येतो, आणि तळाशी ती मुठीएवढी मोटर पट्ट्यांवर पाणी चढवत असतेच.