तीव्र आम्ल, पातळ द्रावण

‘अ‍ॅसिड फार कडक आहे, थोडं पाणी घालून सौम्य कर.’ बाथरूमची फरशी घासणाऱ्यापासून प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यापर्यंत अनेकांच्या तोंडी हे वाक्य असतं. त्यानं काम अडत नाही, पण एक चुकीची समजूत पक्की होते. पाणी घातल्यानं हायड्रोक्लोरिक आम्ल सौम्य होत नाही, विरल होतं. बादलीभर पाण्यात त्याचे चार थेंब टाकले तरी ते तीव्र आम्लच राहतं. उलट, पाण्याचा अंशही नसलेलं शुद्ध अ‍ॅसेटिक आम्ल कातडी भाजून काढतं, तरीही रसायनशास्त्राच्या लेखी ते सौम्यच.

शाळेच्या पुस्तकात तीव्र-सौम्य आणि संहत-विरल या दोन जोड्या शेजारी-शेजारी येतात आणि परीक्षा संपेपर्यंत त्यांची डोक्यात सरमिसळ होते. संहती आपल्या हातात असते. एका लीटर द्रावणात किती आम्ल विरघळवायचं, हे मोजपात्र घेऊन आपण ठरवतो. बाजारात मिळणारं संहत हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण 37 टक्के, म्हणजे सुमारे 12 मोलार असतं. त्यात योग्य प्रमाणात पाणी मिसळून 0.1 मोलारचं करता येतं. तीव्रता मात्र आपल्याला बदलता येत नाही. पाण्यात गेल्यावर आम्लाचा रेणू आपला हायड्रोजन आयन किती सहजपणे सोडतो, यावर ती ठरते. नेहमीच्या द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळजवळ सगळे रेणू तो सोडून देतात. अ‍ॅसेटिक आम्लाच्या 0.1 मोलार द्रावणात हजारातले जेमतेम तेरा सोडतात. बाकीचे अखंडच राहतात.

हा भेद लक्षात आला तो द्रावणांतून वीज किती वाहते हे मोजताना. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात 1884 मध्ये स्वान्ते अऱ्हेनियस यांनी याच विषयावर प्रबंध सादर केला. परीक्षकांनी त्याला बेताचीच श्रेणी दिली. पुढे 1903 साली त्यातूनच उभ्या राहिलेल्या आयनीभवनाच्या सिद्धान्तासाठी त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या प्रबंधाचं मोल लगेच ओळखणाऱ्यांत विल्हेल्म ओस्टवाल्ड होते. त्यांनी 1888 मध्ये मांडलेला विरलन नियम आपल्या ‘पाणी घालून सौम्य’ या समजुतीला सरळ छेद देतो. 0.1 मोलार अ‍ॅसेटिक आम्लात 1.3 टक्के रेणूंचं आयनीभवन होतं, 0.01 मोलार केलं की सुमारे 4 टक्के आणि 0.001 मोलारला सुमारे 12 टक्के. पाणी वाढवू तसा आयन सोडणाऱ्या रेणूंचा वाटा वाढतच जातो. दर लीटरमागे आयनांची संख्या घटते, कारण मुळात आम्लच कमी उरलेलं असतं. पण त्या आम्लाचा आयनीभवन स्थिरांक, म्हणजे त्याच्या तीव्रतेचं खरं माप, 1.8 × 10⁻⁵ च्या जागेवरून हलत नाही.

दुसरा गैरसमज सामूबद्दलचा, म्हणजे पीएचबद्दलचा. सामू कमी म्हणजे आम्ल तीव्र, असं सर्रास मानलं जातं. स्वयंपाकघरातलं 5 टक्क्यांचं व्हिनेगर घेतलं तर त्याचा सामू 2.4 च्या आसपास येतो. 0.001 मोलार हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू येतो 3. म्हणजे सौम्य आम्लाच्या द्रावणात हायड्रोजन आयन जवळपास चौपट निघाले! सामू फक्त त्या क्षणी मोकळ्या असलेल्या आयनांची संहती सांगतो. ते मूठभर तीव्र आम्लातून आले की भरपूर सौम्य आम्लातून, हे त्याला ठाऊक नसतं.

सामूवरून द्रावणात एकूण आम्ल किती आहे हेही कळत नाही. त्यासाठी अनुमापन करायला हवं, आणि हा प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्यानं दोन चंचुपात्रं समोर ठेवून करावाच असं मला मनापासून वाटतं. एका पात्रात 25 मिलिलीटर 0.1 मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचं, दुसऱ्यात तेवढंच आणि तितक्याच संहतीचं अ‍ॅसेटिक आम्ल. पहिल्याचा सामू 1, दुसऱ्याचा 2.9, म्हणजे मोकळ्या आयनांत जवळपास पंचाहत्तर पटींचा फरक. दोन्हींत फिनॉल्फ्थॅलीनचे दोन-दोन थेंब टाकून ब्युरेटमधून 0.1 मोलार सोडियम हायड्रॉक्साइड सोडायला लागायचं. थेंब पडतो तिथं गुलाबी छटा उमटते आणि पात्र हलवताच विरते. शेवटी ती टिकून राहते तेव्हा ब्युरेटचा आकडा वाचायचा. पहिल्या पात्राला 25 मिलिलीटर लागतात. दुसऱ्यालाही 25 मिलिलीटरच! मोकळे आयन अल्कलीनं संपवले की अखंड राहिलेले रेणू लगेच नवे सोडतात आणि हे शेवटचा रेणू संपेपर्यंत चालतं. सामू म्हणजे खिशातली रोकड आणि अनुमापन म्हणजे खिसा अधिक बँकेतली शिल्लक. हायड्रोक्लोरिक आम्लाचा सगळा पैसा खिशात असतो, अ‍ॅसेटिकचा बहुतेक बँकेत.

जिभेलाही हा फरक कळतो. सामू सारखा ठेवला तर हायड्रोक्लोरिक आम्लापेक्षा सेंद्रिय आम्लांची द्रावणं जास्त आंबट लागतात.

तिसरा गैरसमज जिवावर बेतू शकतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. ‘सौम्य’ म्हणजे निरुपद्रवी, असं कुणी समजू नये. हायड्रोफ्लोरिक आम्ल सौम्य आम्लांत मोडतं, पण ते काच खातं. त्याच्या पातळ द्रावणाचा थेंब हातावर पडला तर लगेच आग होईलच असं नाही. वेदना काही तासांनी सुरू होतात. आयनीभवन न झालेले रेणू कातडीतून सहज आत शिरतात आणि फ्लोराइड शरीरातलं कॅल्शिअम बांधून टाकतं. रक्तातलं कॅल्शिअम घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. भरपूर पाण्यानं धुणं, कॅल्शिअम ग्लुकोनेटची जेल लावणं आणि लगोलग रुग्णालय गाठणं, हाच त्यावरचा उपाय. गंज काढण्याच्या काही द्रावणांत आणि काचेवर नक्षी कोरण्याच्या कामात हे आम्ल वापरलं जातं, तेव्हा बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय हात लावू नये.

दुसऱ्या टोकाला कार्बोरेन आम्लं आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेत ख्रिस्तोफर रीड यांच्या गटानं 2004 मध्ये असं एक आम्ल जाहीर केलं. ते संहत सल्फ्युरिक आम्लाच्या किमान दहा लाख पट तीव्र आहे, आणि तरी काचेच्या बाटलीत निवांत राहतं. हायड्रोजन आयन दिल्यावर उरणारा त्याचा ऋण आयन कशाशीही क्रिया करायला फारसा धजत नाही. हायड्रोफ्लोरिक आम्लाचा उपद्रव त्याच्या फ्लोराइडचा असतो. आम्ल किती तीव्र आणि ते समोरच्या पदार्थाचं काय करेल, हे दोन प्रश्न म्हणूनच वेगळे ठेवावे लागतात.

संहत तेवढं जास्त खाणारं, हेही दरवेळी खरं नाही. 98 टक्के सल्फ्युरिक आम्ल साध्या पोलादी टँकरमधून नेलं जातं. त्यात पाणी नावापुरतंच असतं आणि पोलादावर आयर्न सल्फेटचा थर बसून आतला धातू वाचतो. हेच आम्ल विरल झालं की लोखंडाला खात सुटतं आणि हायड्रोजन वायू निघू लागतो. रिकामी टाकी थोड्याशा पाण्यानं धुवायला जाणं त्यामुळेच घातक ठरतं, कारण आत साठलेल्या हायड्रोजनला ठिणगी पुरते. आणि संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करताना आम्लच पाण्यात हळूहळू सोडायचं, पाणी आम्लात कधीच नाही. मिसळताना इतकी उष्णता निघते की वर पडलेलं पाणी उकळून आम्ल अंगावर उडतं.

घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी उतरली की ‘अ‍ॅसिड कमजोर झालं’ म्हणतात. तिथं घसरलेली असते ती संहती. सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतं आणि द्रावणाची सापेक्ष घनता 1.28 च्या आसपास असते ती खाली येते. हायड्रोमीटर तेच दाखवतो. चार्ज केलं की आम्ल द्रावणात परत येतं. पातळी कमी झाली तर ती पाणी उडाल्यानं होते, म्हणून भर घालायची ती डिस्टिल्ड वॉटरची. वरून आम्ल ओतलं तर द्रावण गरजेपेक्षा संहत होऊन प्लेटा लवकर खराब होतात.

नाशिककडच्या वायनरींत द्राक्षांचा रस आला की सामू आणि अनुमापनानं काढलेली एकूण आम्लता हे दोन्ही आकडे बघावे लागतात. द्राक्षं पिकत जातात तसं रसात पोटॅशियम वाढतं आणि टार्टारिक आम्लाचा काही भाग क्षाररूपात जातो. त्यामुळे एकूण आम्लता सारखी असलेल्या दोन रसांचा सामू वेगळा निघू शकतो. सल्फर डायऑक्साइड किती घातला तर वाइन टिकेल, हे सामूवरून ठरतं. तोंडात ती किती आंबट लागेल याचा अंदाज मात्र मुख्यतः एकूण आम्लतेवरून बांधतात.