गणिताच्या वर्गात हात आणि संगणक

मुलाला गणित जमेना की बहुतेक पालक त्याच्या बुद्धीला दोष देतात. पुष्कळदा दोष बुद्धीचा नसून क्रमाचा असतो. वर्गात सूत्र आधी येते, वस्तू मागाहून येते आणि बहुधा येतच नाही. आता शाळेत संगणक आणि घरोघरी मोबाईल आल्यावर, हाताने मोजण्या-मापण्याची गरजच काय, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर आपल्या खानदेशातच शोधू.

चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. त्याच भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) धान्याच्या राशीचे गणित आहे. राशीच्या परिघाचा सहावा भाग घ्यावा, त्याचा वर्ग करावा व उंचीने गुणावे, म्हणजे घनफळ मिळते. उंची जाड धान्यात परिघाच्या दहावा, बारीक धान्यात अकरावा आणि कुसळाच्या धान्यात नववा भाग धरावी.

असोद्यासारख्या शेतकरी गावात धान्याची रास कोणत्या मुलाला नवी आहे? तेव्हा शाळेच्या ओट्यावर साडेतीन-चार किलो हरभरा ओतावा. रास किती लिटर भरेल याचा अंदाज प्रत्येकाने प्रथम पाटीवर लिहावा. मग सुतळीने परिघ व पट्टीने उंची मोजावी. समजा, परिघ १२० सेंटिमीटर आणि उंची १२ भरली. भास्कराचार्यांच्या रीतीने २० × २० × १२, म्हणजे ४,८०० घन सेंटिमीटर, अर्थात ४.८ लिटर. आजच्या शंकूच्या सूत्राने सुमारे ४.५८ लिटर. आता लिटरच्या मापाने हरभरा मोजून पाहावा. फरक का पडला? राशीच्या रीतीत परिघ व्यासाच्या तिप्पट धरला आहे. अधिक सूक्ष्म गुणोत्तर, ३९२७ भागिले १२५०, हे आचार्यांनी त्याच ग्रंथात दिले आहे. खळ्यावरच्या व्यवहारास तीन पुरेसे होते. कोठे किती सूक्ष्मता हवी, हे मुलाला येथे कळते.

आता संगणकाची पाळी. परिघ आणि उंची दोन्ही दुप्पट केली तर धान्य किती लागेल? बहुतेक मुले ‘दुप्पट’ म्हणतील. वस्तुतः आठपट लागते. तेवढा हरभरा कदाचित आणता येईल. दसपट मापांची रास करायची तर हजारपट धान्य कोठून आणणार? संगणकाच्या तक्त्यात आकडे बदलले की शंभर राशी क्षणात डोळ्यांपुढे येतात. मार्कस होहेनवार्टर यांनी २००१ साली ऑस्ट्रियात सुरू केलेल्या ‘जिओजेब्रा’सारख्या विनामूल्य साधनात शंकूचा आकार बोटाने लहानमोठा करता येतो. हातांना जे दोनदा पडताळता येते, ते पडदा शंभरदा दाखवतो. मात्र आठपटच का, हे पडदा सांगत नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दुप्पट झाल्या, म्हणून २ × २ × २, हे कारण मुलाने स्वतः वहीत लिहावयाचे असते. रास न पाहता केवळ पडदा पाहिला, तर यंत्र म्हणते म्हणून खरे, अशी सवय जडते. आणि केवळ राशीशी खेळत बसले, तर नियमापर्यंत पोहोचणे होत नाही.

यात वेळ जातो हे खरे. पण गणित सुटले की विज्ञानाची आणि तंत्रशिक्षणाची दारेही मिटतात, आणि मापे भरण्यात तरबेज असलेली शेतकऱ्याची मुलगी स्वतःला मठ्ठ समजू लागते. हे नुकसान दोन तासिकांपेक्षा फार मोठे आहे. १८८० साली असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. तरी शेतातल्या व घरातल्या कामातून आलेली त्यांची जाण साऱ्या महाराष्ट्राने मानली. हातांच्या ज्ञानाला कमी लेखण्याचे आपणांस तरी कारण नाही.

शाळेत एकच संगणक असला तरी हे सारे होऊ शकते. नियम एवढाच पाळावा : अंदाज पाटीवर उतरल्याशिवाय आणि वस्तू मोजल्याशिवाय पडदा उघडू नये, आणि कारण लिहिल्याशिवाय वही मिटू नये.